लेट, रद्द, मार्ग बदलून

मुलाच्या शिक्षणासाठी केलेला कर्जाचा अर्ज नामंजूर झाल्याचा कागद खिशात घालून मी भर पावसात घरी आलो, तेव्हा कंट्रोलर नेहमीच्या जागी होते. तळमजल्याचा व्हरांडा, लाकडी खुर्ची, पाय कठड्यावर. त्यांनी माझा चेहरा पाहिला, मी छत्री मिटेपर्यंत वाट पाहिली आणि विचारलं, "काय मास्तर, लेट, रद्द का मार्ग बदलून?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर ती ओली छत्री मी त्याच्याच अंगावर झटकली असती. पण या माणसाच्या डोक्यावर मी पंचवीस वर्षं राहतो. म्हणजे ते तळमजल्यावर आणि मी पहिल्या मजल्यावर.

"रद्द," मी म्हणालो.

"लेखी आहे?"

कागद दिला. त्यांनी चष्मा लावून तो खालपासून वर वाचला. सरकारी कागद खालून वाचायचा, मुद्द्याचं तिथेच दडवलेलं असतं, हा त्यांचा जुना शिरस्ता. "उत्पन्नाचा दाखला जोडलेला नाही म्हणतायत. ही रद्द नव्हे मास्तर, ही लेट. उद्या सकाळी दाखल्याच्या रांगेत उभे राहा. डबा घेऊन जा."

कर्ज पुढे मिळालं. पण ते सांगायला मी हे लिहीत नाही. कंट्रोलरच्या हातून माझी प्रकरणं सुटली तितकीच चिघळलीही आहेत, आणि चिघळलेल्यांची यादी माझ्या बायकोकडे तोंडपाठ आहे.

चिपळुणात त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. एसटीत आठ वर्षं वाहक, तेवीस वर्षं वाहतूक नियंत्रक. कोकणातली चार-पाच स्थानकं फिरून २०१३ साली निवृत्त. 'वाहतूक नियंत्रक' हा शब्द पगाराच्या कागदावर. लोक म्हणतात कंट्रोलर. नावावरून वाटावं की हा माणूस वाहतुकीवर नियंत्रण ठेवतो. प्रत्यक्षात घाटात दरड त्याला विचारून कोसळत नाही, पाऊस त्याची सही घेत नाही आणि टायर कुठे बसायचं ते टायरच ठरवतो. त्याच्या ताब्यात असतात एक केबिन, एक भोंगा, एक नोंदवही, आणि काचेला पाडलेलं अर्धचंद्राच्या आकाराचं भोक. त्या भोकातून तेवीस वर्षं एकच प्रश्न आत आला. गाडी कधी येणार?

विचारणाऱ्यांचे त्यांनी तीन वर्ग केले होते. फळा वाचून विचारणारे, फळा न वाचता विचारणारे, आणि पुढच्याला दिलेलं उत्तर कान देऊन ऐकल्यावर पुन्हा स्वतः विचारणारे. तिसऱ्या वर्गात शिक्षकांचा भरणा जास्त, असं ते माझ्याकडे पाहून सांगतात.

केबिनमध्ये बसायला लागून आठवडाही झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. एक म्हातारा खिडकीशी आला. गाडी कुठे अडकलीय याचा पत्ता नव्हता, तरी यांनी सवयीने सांगितलं, "आत्ता येईल, दहा मिनिटांत." म्हातारा समोरच्या बाकड्यावर बसला. सुटेल म्हणून चहाला गेला नाही, मुतारीलाही गेला नाही, पिशवी मांडीवर घेऊन रस्त्याकडे बघत राहिला. गाडी दोन तासांनी आली. चढण्याआधी तो खिडकीशी आला. यांना वाटलं, आता शिव्या. तो म्हणाला, "साहेब, दोन तास म्हणाला असतात तर जेवून आलो असतो."

त्या दिवसापासून 'आत्ता येईल, दहा मिनिटांत' हे शब्द त्यांच्या तोंडातून कायमचे गेले. आजही कुकरची शिट्टी व्हायला किती वेळ लागेल असं विचारलं तर ते म्हणतात, "निश्चित सांगता येत नाही, पण तुम्ही पेपर वाचून घ्या."

तिथूनच तीन प्रकार निघाले. गाडी लेट असेल तर माणसाने खाऊन घ्यावं. मार्ग बदलून जाणार असेल तर आपला थांबा लागतो का ते बघावं. रद्द असेल तर घरी जावं. प्रत्येकाचं काम वेगळं, आणि लोक नेमकं उलटं करतात असं त्यांचं म्हणणं. रद्द झालेल्या गाडीची वाट बघत बसतात आणि लेट असलेल्या गाडीच्या नावाने रडून घरी जातात.

सरकारी नोंदवहीशिवाय त्यांची स्वतःची एक वही असे. दोनशे पानी, दर वर्षी नवी. गाडी, वेळ, प्रकार, कारण, शेरा असे पाच रकाने. लेट शिसपेन्सिलीने लिहायचं, कारण ते बदलतं. मार्ग बदलूनही पेन्सिलीनेच, कारण दरड आज ना उद्या उपसली जाते. रद्द मात्र शाईपेनाने. "रद्द खोडता येता कामा नये मास्तर, नाहीतर माणूस परत स्टँडवर येऊन बसतो." या वह्या एका पत्र्याच्या ट्रंकेत वर्षवार लावलेल्या होत्या. आणि गाड्यांच्या खाली, त्याच रकान्यांत, घर. थोरल्याची बारावी: लेट, एक वर्ष, कारण गणित. नळाचं पाणी: लेट. मेहुण्याकडून उसने पैसे: लेट, आणि पुढे अकरा वर्षं तीच नोंद.

एकदा आमच्या शाळेत शिक्षकांसाठी एक शिबिर झालं होतं. कुठून तरी एक टाय लावलेले तज्ज्ञ आले होते. परिस्थिती आपल्या हातात नसते, तिला उत्तर काय द्यायचं ते आपल्या हातात असतं, असं त्यांनी पडद्यावर निळ्या अक्षरांत दाखवायला घेतलं आणि वीज गेली. मग त्यांनी शिपायाला जे काही ऐकवलं ते निळ्या अक्षरांत नव्हतं. घरी येऊन हे कंट्रोलरना सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "वीज आली का नंतर?" म्हटलं, आली, चाळीस मिनिटांनी. "मग शिपायाला बोलायचं काय कारण? लेट होती."

शेजारच्या वाडीत एक आजोबा गेले तेव्हाचं सांगतो. थोरला मुलगा मुंबईहून निघाला होता आणि त्याच्यासाठी सगळं थांबलं होतं. अंगणात पन्नास माणसं उभी. कुणी घड्याळ बघतंय, कुणी रस्ता, बायकांचे हुंदके दमून थांबलेले. जो तो दुसऱ्याला सांगत होता, "आलाच, परशुराम उतरला असेल." कंट्रोलर बाहेर जाऊन फोन करून आले आणि ओट्यावर चढले. आवाज केबिनमधला. "एक तास दहा मिनिटं. खेडला टायर बसलाय. ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांनी मागच्या दारी जाऊन खाऊन घ्या, पोह्यांची सोय केलीय. म्हाताऱ्यांनी उभं राहू नका." क्षणभर अंगणच गार पडलं. प्रेत दारात आणि हा माणूस पोह्यांची घोषणा करतो! गेलेल्यांची बहीण तर त्यांच्याशी वर्षभर बोलली नाही. पण खरं सांगायचं तर पोहे उरले नाहीत. मुलगा एक तास पंचवीस मिनिटांनी आला. वरची पंधरा मिनिटं कंट्रोलरना आजही खुपतात.

कंट्रोलरच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा मात्र त्यांनी कहर केला. साखरपुडा झालेला, हॉल घेतलेला, आणि मुलाकडच्यांनी फोनवर नकार कळवला. घरात सुतक आल्यासारखं झालं. पोरगी आतल्या खोलीत, त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, चुलीशी, नातेवाईक बाहेरच्या खोलीत मुलाकडच्यांची सात पिढ्यांची उत्तरपूजा करतायत. कंट्रोलर मध्ये उभे राहिले. "ऐका. लग्न रद्द नाही. मार्ग बदलून आहे. कुंभार्ली बंद झाला म्हणून गाडी कराडला जात नाही का? आंब्याने जाते. वेळ लागतो." आतून मुलगी ओरडली, "बाबा, मी गाडी नाही!" आणि मग बहुधा तीन दिवसांत पहिल्यांदा हसली. दीड वर्षाने तिचं लग्न झालं. जावई मलकापूरचा, म्हणजे खरोखरच आंबा घाटाच्या पलीकडचा. तेव्हापासून कंट्रोलरना आवरणं कठीण झालं.

१ जून हा त्यांचा सण. १९४८ साली त्या दिवशी एसटीची पहिली गाडी पुणे-नगर रस्त्यावर धावली, म्हणून घरात शिरा. 'वाट पाहीन पण एसटीनेच जाईन' हे वाक्य लोक टिंगलीने म्हणतात, कंट्रोलर हात जोडून म्हणतात. त्यांच्या मते त्यातला 'वाट पाहीन' हा भाग अवघड. जाणं काय, कुणालाही जमतं. १९९८ साली कोकण रेल्वे पुरती सुरू झाली तेव्हा आख्खा जिल्हा हरखला होता आणि हे एकटे तिची कीव करत होते. "तिला दोनच रकाने. लेट नाहीतर रद्द. रुळावरून मार्ग कसा बदलणार?" मी म्हटलं, अहो, वळवतात की मिरजमार्गे. ते म्हणाले, "चिपळूणवाल्याला मिरजेतून नेणं म्हणजे मार्ग बदलणं नव्हे मास्तर, ते गाव बदलणं झालं."

काकूंबद्दल अजून काही बोललो नाही, कारण त्यांच्याबद्दल बोलायला लागलं की कंट्रोलर जरा लहान दिसतात.

काकू घाटावरच्या, पाटण तालुक्यातल्या. चाळीस वर्षं कोकणात काढून त्यांच्या भाषेला खाऱ्या वाऱ्याचा एक थेंब लागलेला नाही. त्यांच्या मते दुनियेत दोनच प्रकारची माणसं. बसणारी आणि ढकलणारी. याचं मूळ लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात आहे. नवं जोडपं पाटणहून चिपळूणला येत होतं. गाडी घाट उतरून पोफळीला आली आणि बंद पडली. ड्रायव्हरने बाप्यांना खाली उतरून धक्का मारायला सांगितलं. नवरदेव खिडकीशी बसून शेजारच्या म्हाताऱ्याला समजावत होते की गाडी बंद पडलेली नाही, लेट आहे, काळजी करू नये. नवरी उठली, हिरव्या चुड्यासकट खाली उतरली, पदर खोचला आणि मागे जाऊन इतर दहा जणांबरोबर गाडी ढकलायला लागली. गाडी सुरू झाली. कंडक्टरने डबल बेल दिली. नवरदेवाला तेव्हा कळलं की आपली बायको पोफळीच्या रस्त्यावर राहिली.

ही गोष्ट काकूच सांगतात, दर पाहुण्याला. कंट्रोलर त्यावर हरकत घेत नाहीत, फक्त एवढंच म्हणतात की डबल बेल देण्याआधी माणसं मोजणं ही कंडक्टरची जबाबदारी असते.

मागे एकदा आठ पाहुणे पानावर बसलेले असताना काकूंचा सिलिंडर संपला. कंट्रोलर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले आणि सवयीने तोंड उघडणार, एवढ्यात काकू म्हणाल्या, "लेट हाय ते मला बी दिसतंय. माळ्यावरचा स्टो काढा की!" माझ्या बायकोचा काकूंना पूर्ण पाठिंबा आहे. आमच्याकडे भिंतीला ओल आली होती तेव्हा कंट्रोलरनी खालून वर येऊन ती पाहिली आणि 'मार्ग बदलून' असा निर्वाळा दिला, कारण पाणी गच्चीवरून न येता शेजारच्या बाथरूममधून येत होतं. निदान अचूक होतं. पण ओल सहा महिने तशीच राहिली, कारण निदानाच्या आनंदात मी गवंडी बोलवायला विसरलो. बायको म्हणते, या माणसापाशी बसलं की काम झाल्यासारखं वाटतं, होत मात्र काही नाही. यात तथ्य आहे.

आणि एवढं सगळं पेन्सिलीने लिहिणाऱ्या या माणसाच्या वहीत घरगुती नोंद एकच अशी होती, जी शाईने लिहिलेली होती. १९९६ सालची. गुहागरला त्यांचा धाकटा भाऊ. वडिलांमागे जमिनीची वाटणी झाली आणि बांधावर एक फणस उभा राहिला. बुंधा याच्या हद्दीत, फांद्या त्याच्या हद्दीत. फणस कापा होता, हे इथे सांगितलं पाहिजे. बरका असता तर कदाचित प्रकरण इतकं वाढलं नसतं. एका मे महिन्यात फणस उतरवण्यावरून शब्दाला शब्द लागला आणि कंट्रोलर शेवटच्या गाडीने चिपळूणला परत आले. त्या रात्री त्यांनी लिहिलं: गुहागर, रद्द. कारणाचा रकाना कोरा. मला ते पान एकदा दिसलं होतं. म्हटलं, कंट्रोलर, हे लेट लिहिता आलं असतं की. ते म्हणाले, "त्या रात्री पेन्सिल सापडली नाही."

आता २०२१ चा जुलै.

चिपळूणला पुराचं नवल नाही. २००५ च्या २६ जुलैला आमच्या इमारतीत पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत आलं होतं आणि कंट्रोलरनी तिथे पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होती. पेन्सिलीनेच. नदीला लागून राहणाऱ्याला एक गोष्ट शाळेत न जाताही कळते. वाशिष्ठी खाली दाभोळच्या खाडीला मिळते, आणि खाडीला भरती लागली की नदीचं पाणी पुढे न सरकता गावात शिरतं. भरतीची वेळ काढायचा कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट.

२१ तारखेच्या रात्री पाऊस पडत नव्हता, कुणीतरी ओतत होतं. आदल्याच दिवशी आषाढी झालेली. पहाटे दोनच्या सुमारास गटारं उलटी वाहायला लागली तशी काकूंनी उठून सामान वर न्यायला सुरुवात केली. देव, तांदळाचा डबा, स्टोव्ह. माझी बायको आणि मी मदतीला. कंट्रोलर मात्र बॅटरी घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी उभे. "उजाडता त्रयोदशी. तेरा पाऊणे पावणेदहा. भरती पावणेदहाला. आत्ता ओहोटी आहे, पाणी चढायचं नाही. येईल, पण लेट. अंधारात कशाला धावपळ? उजेडात नेऊ ट्रंक."

पाऊणकी बरोबर होती. सह्याद्रीवर त्या रात्री जे कोसळत होतं ते मात्र पाऊणकीत बसणारं नव्हतं. ओहोटी असूनही पाणी चढलं. पाचच्या आत ते उंबऱ्यावरून आत आलं, आणि कंट्रोलर वर आले ते हातात कॅलेंडर आणि कंबरेपर्यंत भिजलेला लेंगा घेऊन. चौथ्या पायरीवरची रेघ आमच्या डोळ्यांदेखत बुडाली. पाणी पुढे तळमजल्याच्या पंख्यापर्यंत गेलं.

उजाडलं तेव्हा गच्चीवरच्या पत्र्याखाली आम्ही अठरा माणसं होतो. करोनाचे दिवस, दीड वर्ष एकमेकांपासून हातभर दूर राहिलेली माणसं एका ताडपत्रीत शिरली होती. वीज नाही, फोन बंद, खाली तपकिरी पाण्यातून सिलिंडर आणि कपाटं वाहत चाललेली. एसटी स्टँडात गाड्या टपापर्यंत बुडाल्याची बातमी शेजारच्या गच्चीवरून ओरडून आली, तेव्हा कंट्रोलरनी डोळे मिटून घेतले. पोरं रडत होती. बायका पुरुषांना आणि पुरुष एकमेकांना विचारत होते, पाणी कधी उतरणार? कुणीतरी म्हणालं, उतरेल की, तासाभरात.

तो 'तासाभरात' ऐकला आणि कंट्रोलर उठले. कॅलेंडरची गुंडाळी करून तोंडाशी धरली.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं! पाणी लेट आहे. पावणेदहाला भरती आहे, तोपर्यंत उतरणार नाही. त्यानंतर ओहोटी पावणेचारला. आज दिवसभरात खाली जायला मिळेल असं कुणीही धरू नये. रात्र इथेच काढायची तयारी ठेवा. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी आत्ता घ्या. पिण्याचं पाणी बारा बाटल्या आहे, माणशी दोन घोट, पोरांना चार. रडायचं असेल त्यांनी रडून घ्या, वेळ आहे."

पहिल्या मजल्यावरच्या शिंद्यांचा पाच वर्षांचा नातू नाक पुसत म्हणाला, "आजोबा, फलाट कुठला?"

"वरचा," कंट्रोलर म्हणाले.

मी त्या माणसाची वर्षानुवर्षं थट्टा केलेली आहे, पुढेही करीन. पण त्या सकाळी अठरा माणसं गप्प झाली, गोळ्या घेतल्या, दोन-दोन घोट पाणी प्यायली आणि पाय पसरून बसली. पाण्याने ओहोटीला त्यांचं ऐकलं नाही; रस्ता दिसायला दुसरी सकाळ उजाडली. पण कुणी चिडलं नाही, कारण कुणी तासाभराच्या आशेवर बसलंच नव्हतं.

संध्याकाळी केव्हातरी काकूंनी हळूच विचारलं, "आन् ट्रंक?"

कंट्रोलरनी कॅलेंडर उलगडून भिंतीला टेकवलं. उत्तर दिलं नाही.

पुराच्या नंतरचा चिखल ज्याने उपसलाय त्यालाच कळेल. तो गुडघाभर असतो, त्याला रॉकेल, धान्य आणि मेलेल्या उंदरांचा मिळून एक वास असतो, आणि एक घमेलं बाहेर टाकावं तर दोन आत येतात असं वाटतं. वाशिष्ठीवरचा पूल खचल्याने महामार्गच मार्ग बदलून झाला होता, तरी कुठून कुठून अनोळखी पोरं फावडी घेऊन गावात उतरत होती. कंट्रोलर दारात उभे राहून फ्रीज, गादी, टीव्ही यांचे प्रकार ठरवायला लागले, तेवढ्यात काकूंनी त्यांच्या हातात फावडं दिलं. "उतरा आता. ढकला."

ते उतरले. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा, असं काकूंचं म्हणणं.

ट्रंक उघडली तेव्हा आत वह्या नव्हत्या, लगदा होता. कंट्रोलरनी तो बोटाने दाबून पाहिला आणि म्हणाले, "रद्द." मग ट्रंक ओढत बाहेरच्या ढिगाऱ्याकडे न्यायला लागले. ही ट्रंक घरातून जावी म्हणून काकूंनी आजवर किती नवस केले असतील याचा हिशेब नाही. पण त्यांनीच ती अडवली, वर गच्चीवर न्यायला लावली आणि पान न् पान सुटं करून कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी टांगलं. चार-पाच वह्या तेवढ्या जिवंत निघाल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक टेम्पो आला. त्यातून फावडं, दोन घमेली, पाण्याचे कॅन आणि एक टक्कल पडलेला माणूस उतरला. चेहरा कंट्रोलरचाच, जरा काळा. कंट्रोलर चिखलात उभे होते. त्यांनी मनगटावरचं बंद पडलेलं घड्याळ पाहिलं.

"पंचवीस वर्षं," ते म्हणाले.

"दरड होती, दादा," तो माणूस म्हणाला.

"उपसली?"

"एका बाजूची."

पुढे बोलणं नाही. दोघे संध्याकाळपर्यंत चिखल उपसत राहिले, आणि काकूंनी टेम्पोतल्या पिशवीतून निघालेली फणसाची साठं सगळ्या वाडीला वाटली. साठं बरक्याची होती. कापा, कळलं की, २००९ च्या वादळात पडला.

आठवड्याने दोरीवरची पानं वाळली. मातीचे डाग तसेच, कडा चुरमडलेल्या. शाई सगळी वाहून गेली होती, नुसते निळसर फराटे. पेन्सिलीचं अक्षर मात्र स्वच्छ वाचता येत होतं. कंट्रोलर गच्चीवर पाटावर बसून पानं लावत होते. १९९६ च्या एका पानाशी ते थांबले, कानावरची पेन्सिल काढली आणि फराट्याच्या जागी काहीतरी लिहिलं. ते पाणी प्यायला खाली गेले तेव्हा मी पान उचलून पाहिलं.

गुहागर. लेट, २५ वर्षं. कारण: दरड. शेरा: एकेरी वाहतूक सुरू.